टेक नसताना अंगावरचा लेपल माइक : कोण ऐकतं, काय बंद करायचं, कुणी लावायचा?

लेपल_आणि_बूम
डेली सोपचं युनिट आहे. बंगल्यातलं इनडोअर जास्त, अंगणात थोडं आउटडोअर. साउंडकडे मिक्सप्री-६ टू (रेकॉर्डर-मिक्सर), सेनहायझर जी४ या वायरलेस लेपलचे तीन सेट आणि एक बूम (काठीवरचा माइक). मिक्स, म्हणजे सगळ्या माइकचा एकत्र आवाज, एका इन-इअर ट्रान्समीटरवरून चार हेडफोन रिसीव्हरना जातो : दिग्दर्शक, कंटिन्यूइटी, चॅनलच्या क्रिएटिव्ह आणि ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर). कलाकारांना सकाळी माइक लागला की पॅकअपलाच निघतो. कपडे बदलायचे नसतील तर मधे कुणी हात लावत नाही.

एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, मेकअप रूममधलं आमचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं का. "नाही हो ताई, फेडर खाली असतो," असं आमच्याकडून उत्तर गेलं. ते कितपत खरं आहे याची शंका आहे, म्हणून विचारतोय.

फेडर (मिक्सरवरचा आवाज कमी-जास्त करायचा नॉब) खाली केला की नक्की काय काय बंद होतं? पॅकवरचं (कलाकाराच्या अंगावरच्या ट्रान्समीटरवरचं) म्यूट कलाकाराच्या हाती द्यावं की लॉक करावं? साउंड टीममध्ये बाई नसेल तर साडीत माइक कुणी लावायचा? खासगी बोलणं चुकून रेकॉर्ड झालं तर त्या फाइलचं काय करायचं? आणि ईपींना ब्रेकमध्येही हेडफोन कानाला हवा असतो, त्यांना काय सांगायचं?

फेडर_शून्यावर
ताईंना गेलेलं उत्तर अर्धंच खरं आहे. फेडर खाली केल्यावर फक्त मिक्स बंद होतो. तुमच्या किटमध्ये त्यांचा आवाज पाच ठिकाणी पोचतो, आणि फेडर त्यातलं एकच ठिकाण बंद करतो.

चार हेडफोनना मिक्सप्री-६ च्या स्टिरिओ आउटमधून मिक्स जातो. फेडर शून्यावर आला की तिथे शांतता, इतपत बरोबर. पण तुम्ही चॅनल सोलो केलं, म्हणजे तो एकच माइक ऐकायला घेतला, की फेडर कुठेही असो, तुमच्या कानात आवाज येतोच. मग आयसो ट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचा वेगळा रेकॉर्ड होणारा ट्रॅक. गेन ॲडव्हान्स्ड मोडला असेल तर समोरचा नॉब म्हणजे फेडर, आणि आयसो फेडरच्या आधीच उचलला जातो. म्हणजे रोल (रेकॉर्डिंग) चालू असताना ताई फ्रेमबाहेर जाऊन कुणाशी बोलल्या, तर मिक्समध्ये काही नाही पण त्यांच्या ट्रॅकवर सगळं पूर्ण लेव्हलला. बेसिक मोडमध्ये नॉब गेनसकट फिरतो, तिथलं गणित वेगळं. तुमचं मशीन कुठल्या मोडला आहे ते आजच बघून घ्या.

चौथं ठिकाण बहुतेक जण विसरतात : प्री-रोल. तो चालू असेल तर रेकॉर्ड दाबण्याआधीचे काही सेकंद फाइलला आपोआप जोडले जातात. "हा पुन्हा उशिरा आला" छापाची कुजबुज पोस्टला पोचते ती इथूनच. डेली सोपमध्ये "रोल साउंड" नीट पुकारलं जात असेल तर प्री-रोलची गरज पडत नाही. बंद ठेवा.

पाचवं म्हणजे हवा. जी४ ॲनालॉग एफएम आहे, त्यात एन्क्रिप्शन (सिग्नलला कुलूप) नाही. ए बँडचा सेट ५१६ ते ५५८ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. त्याच बँडचा रिसीव्हर घेऊन कुणी तुमची फ्रिक्वेन्सी लावली तर त्याला तुमच्या मिक्सरशी देणंघेणंच नाही, थेट ताई ऐकू येतात. मढला किंवा फिल्मसिटीत युनिटं एकमेकांना खेटून असतात, शेजारचा साउंडवाला फ्रिक्वेन्सी चाळताना सहज तुमच्यावर येऊन थांबतो. तुमचा इन-इअर फीडही तितकाच उघडा आहे, आणि त्यावर तर आख्खा मिक्स. एन्क्रिप्शनचे डिजिटल सेट मिळतात, शुअरच्या यूएलएक्स-डी मध्ये एईएस-२५६ आहे, पण तेही मेन्यूत चालू करून पॅक आणि रिसीव्हर पुन्हा सिंक केल्याशिवाय लागू होत नाही.

म्हणून खरं "बंद" हे पॅकवरच होतं. जी४ च्या पॅकमध्ये म्यूट मोडचे पर्याय आहेत. एएफ म्यूटमध्ये रेडिओ सिग्नल चालू राहतो, आवाज तेवढा जात नाही. आरएफ म्यूटमध्ये सिग्नलच थांबतो. सेटवर एएफ ठेवा. आरएफने फ्रिक्वेन्सी रिकामी होते, आणि शेजारचा सिग्नल दमदार असला तर तुमचा रिसीव्हर त्याच्यासाठी उघडतो, मग दिग्दर्शकाच्या कानात भलत्याच मालिकेचे संवाद. तिसरा पर्याय स्विच निकामी करण्याचा. बहुतेक युनिटं तोच ठेवतात आणि कलाकाराला सांगत मात्र नाहीत. तो बिचारा बटण सरकवतो, त्याला वाटतं माइक बंद झाला.

कटनंतरचा क्रम असा ठेवा : आधी सगळे फेडर खाली, लगेच स्टॉप. सळसळ तपासायला सोलो करायचं असेल तर तोंडाने सांगून करा, "ताई, दहा सेकंद ऐकतोय", आणि झालं की "झालं" म्हणा. जेवणाच्या सुट्टीत पॅक पूर्ण बंद. तसंही दोन डबल-ए सेल जेमतेम आठ तास टिकतात आणि शिफ्ट बाराची असते, म्हणजे सेल बदलायचेच आहेत. ते जेवणालाच बदला : पॅक बंद, सेल नवे, आणि जेवून आल्यावर मेकअप टचअपच्या वेळी चालू. एका फेरीत दोन्ही कामं होतात.

म्यूट लॉक करावं की नाही, यावर माझं मत लॉक करावं असंच आहे. सोफ्यावर बसताना स्विच सरकतो आणि मग चांगला टेक वाया जातो.

तिसरी_घंटा
वरच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्याच्या बाजूने सांगते.

लॉक केलेला पॅक म्हणजे वॉशरूमला जायच्या आधी साउंडच्या मुलाला शोधत फिरायचं. तो तिसऱ्या मजल्यावर बूम लावत असतो. नऊवारी आणि दागिने चढवलेल्या बाईने तेवढं फिरायचं, की पाण्याचा नळ जोरात सोडून वेळ मारून न्यायची? बहुतेक जणी दुसरं करतात. टेक वाया जाण्याची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय तुमच्या हातात आहे : रोलच्या आधी मीटर बघा. म्यूट असेल तर रिसीव्हरच्या पडद्यावर तसं दिसतं.

आणखी एक. कलाकाराला पॅक एकदा हातात देऊन दाखवा. हे बटण, हे असं सरकलं की पडद्यावर म्यूट येतं, हे असं परत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पॅक पाठीला बांधून वर शालू नेसवल्यावर पडदा दिसत नाही हे मला कळतं, म्हणूनच तो बोटाला लागेल असा कडेला हवा. नुसतं "काळजी करू नका" कुणी म्हटलं की काळजी वाढते.

फेडर_शून्यावर
मुद्दा पटला. मधला मार्ग असा काढता येईल : सीनमध्ये उठबस, पळापळ, मारामारी असेल तेव्हा त्या सीनपुरतं लॉक आणि तसं कलाकाराला सांगायचं, एरवी स्विच उघडा. रोलच्या आधी तिन्ही रिसीव्हरवर नजर टाकायची जबाबदारी साउंडची. लॉक असलेल्या सीनमध्ये मदतनीसाने कलाकाराच्या नजरेच्या टप्प्यात उभं राहायचं, बूम लावायला दुसरा माणूस.

पदराआड
माइक लावण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. साउंड मदतनीस आणि कॉस्च्यूम, दोन्हीकडे काम आहे.

साउंडमध्ये बाई नसेल तर लावणारी व्यक्ती म्हणजे ड्रेसवाल्या ताई, आणि ते काम त्यांच्या नेहमीच्या कामात धरायचं, "जरा करा ना" म्हणून ऐनवेळी नाही. साउंडवाल्याने त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास बसून शिकवावं. सकाळी पदराच्या निऱ्या पिनअप व्हायच्या आधी माइक लागला पाहिजे. नंतर लावायला गेलं की पुन्हा पिना काढा, पुन्हा हात घाला. कपडे तयार झाल्यावर उशिरा पोचणं हीच निम्म्या अवघडलेपणाची मुळं.

दार वाजवा, "साउंड, माइक लावायला" असं म्हणा, उत्तर आल्यावर आत. काय करणार ते आधी सांगा : वायर इथून जाईल, पॅक इथे येईल. कपड्याच्या आतून वायर कलाकाराने स्वतः ओढून घ्यायची. तुम्ही गळ्यापाशी कॅप्सूलचं (माइकच्या डोक्याचं) टोक धरा, कलाकार खालून वायर ओढतील. कमरेपर्यंत आली की पॅकला जोडणं तुमचं. यात तुमचा हात ब्लाऊजच्या आत जायची वेळच येत नाही. खोलीत तिसरं कुणी नसेल तर दार अर्धं उघडं. लहान मुलांच्या बाबतीत आई किंवा वडील खोलीत हवेतच, आणि बेल्ट त्यांनीच बांधावा.

जागेचं सांगायचं तर कॅप्सूल हनुवटीपासून वीतभर खाली, ब्लाऊजच्या गळ्याच्या काठाच्या आतून. मंगळसूत्राचे मणी कॅप्सूलवर टकटक करतात, त्यामुळे मधोमध न लावता दोन बोटं बाजूला, ज्या बाजूला कलाकार सीनमध्ये जास्त बघणार आहे तिकडे. कॅप्सूलच्या खाली वायरचा छोटा वेढा करून तो टेपने धरा, नाहीतर पोटापाशी वायर हलली तरी वर घर्र येतं. त्वचेवर मायक्रोपोर किंवा ट्रान्सपोर (जखमेच्या पट्टीचा टेप), कपड्याला दुहेरी टेप. कार्पेटचा टेप माणसाच्या अंगाला लावताना मी पाहिलाय, तसं करू नका. पुरळ उठतं आणि दुसऱ्या दिवशी कलाकार माइकच नको म्हणते. टेपची ॲलर्जी आहे का हे पहिल्याच दिवशी विचारून डबीवर लिहून ठेवायचं.

सहावारीत पॅक कमरेला मागे, परकराच्या नाडीच्या वर, कापडी पाउचमध्ये. नऊवारीत मागे काष्टा असतो, मधोमध पॅक ठेवला की फुगवटा दिसतो आणि बसताना टोचतो. तो बाजूला कमरेवर किंवा मांडीच्या पट्ट्यावर बाहेरच्या अंगाला. मांडीचा पट्टा कलाकार स्वतः बांधतील, तुम्ही फक्त हातात द्यायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं. अँटेना दुमडू नका आणि घामट त्वचेला चिकटू देऊ नका, शरीर सिग्नल खातं. मधे कापडाचा एक थर हवा.

प्रत्येकाचा पट्टा आणि पाउच वेगळा, वर भूमिकेच्या नावाची चिठ्ठी. संध्याकाळी पट्टे धुवायला, वायर ७० टक्के आयसोप्रोपाइलने ओलसर केलेल्या कापडाने पुसायची. कॅप्सूलच्या जाळीवर द्रव जाऊ देऊ नका. घामट पट्टा दुसऱ्याला बांधणं हाही अपमानच आहे.

मधे माइक सरकला तर सगळ्यांसमोर सेटवर गळ्यापाशी हात नेऊ नका. जवळ जाऊन हळू विचारा, "इथेच करू की आत जाऊ?"

टाइमलाइनवाला
पोस्टमध्ये संवाद एडिट करतो, तिकडची बाजू.

सेटवर वाटतं की मिक्समध्ये नाही म्हणजे गेलं. आमच्याकडे आयसो सगळे उघडतात, कारण मिक्समध्ये काही बिघडलं की आम्ही तिथूनच उचलतो. आणि तुम्ही ट्रॅकला नाव दिलेलं असतं, ते फाइलच्या मेटाडेटात येतं. म्हणजे कटनंतरचं बोलणं नुसतं रेकॉर्ड होत नाही, त्यावर बोलणाऱ्याचं नावही असतं. जागेअभावी कुणी पुसेल ही आशाही धरू नका : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी घेतो. कोण पुसतंय तेवढ्यासाठी?

किती दिवस पडून राहतं याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे अमेरिकेतला, खुनांचा संशय असलेला रॉबर्ट डर्स्ट. २०१२ मध्ये एका माहितीपटासाठीच्या मुलाखतीनंतर तो बाथरूममध्ये गेला, अंगावर माइक चालू होता, तो स्वतःशी बोलला. ते रेकॉर्डिंग निर्मात्यांच्या हाती लागलं दोनेक वर्षांनी, आणि मार्च २०१५ मध्ये टीव्हीवर गेलं. पुढे २०१९ मध्ये कोर्टात पूर्ण प्रतिलेख आला तेव्हा कळलं की प्रसारणात वाक्यांचा क्रम बदललेला होता. डर्स्टबद्दल कळवळा कुणाला नसेल, पण साउंडवाल्याने बघायचं ते असं : विसरलेला माइक, जपून राहिलेली फाइल, आणि तिसऱ्याच माणसाने लावलेली वाक्यं.

आता फाइलचं. मिक्सप्रीवर फॉल्स टेक केलं (टेक बाद ठरवला) तर फाइल पुसली जात नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, आणि कार्ड कॉपी करताना डीआयटी (सेटवर फाइली उतरवून घेणारा) तो फोल्डरही कॉपी करतो. टेक बाद होता आणि त्यात खासगी बोलणं आहे, तर पहिल्या एडींना (मुख्य सहायक दिग्दर्शकांना) सांगून, त्यांच्या समोर काढायची. परस्पर पुसू नका, मालकी निर्मात्याची आहे आणि नंतर "सीन सत्तावीसचा टेक तीन कुठंय?" यावर उत्तर नसतं. टेक चांगला आहे आणि शेपटीला बोलणं आहे, तर साउंड रिपोर्टमध्ये एवढंच लिहा : "कटनंतर खासगी, वापरू नये". काय बोलणं होतं ते लिहू नका. मी अशा फाइलची शेपटी कटच्या शब्दावर छाटतो आणि पुढच्या माणसाला छाटलेलीच देतो. सगळ्यात उत्तम म्हणजे कटवर खरोखर थांबणं. "चालू ठेवा, लगेच घेतोय" असं दिग्दर्शक म्हणाले, तर "साउंड अजून चालू आहे" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारा.

कॉलशीट_उशिरा_येते
ईपींच्या हेडफोनचं उत्तर प्रॉडक्शनकडून.

साउंडच्या मुलाने ईपींना "नाही" म्हणायचं नसतं, ते एडीचं काम. त्याला एकच गोष्ट करू द्या : ब्रेक पुकारला की इन-इअरचा ट्रान्समीटर बंद. मग कुणाच्या कानाला काय लावलंय याने फरक पडत नाही आणि कुणाचं तोंडही बघावं लागत नाही. विचारलंच तर "सेल वाचवतोय साहेब". रिसीव्हरना एक ते चार आकडे घाला आणि ब्रेकमध्ये ते साउंडच्या ट्रॉलीवर परत. खुर्चीवर ठेवलेला हेडफोन कुणीही उचलून ऐकतो, कधी ड्रायव्हर, कधी भेटायला आलेले पाहुणे. दुसऱ्या शहरातून कुणी ऑनलाइन मॉनिटर बघत असेल तर त्या लिंकचा आवाजही मोजा. चित्र काळं केलं तरी आवाज चालूच राहतो असं वारंवार होतं.

कॉलशीटच्या खाली आम्ही हा मजकूर टाकतो, हवा तर उचला :

"लेपल रिहर्सल आणि टेकसाठी आहे. जेवण, कपडेबदल, वॉशरूम, खासगी फोन यासाठी कलाकार पॅक म्यूट करू शकतात किंवा साउंडला सांगून काढून घेऊ शकतात. म्यूट लॉक असेल त्या सीनला तसं आधी सांगितलं जाईल. आजचे हेडफोन : दिग्दर्शक, कंटिन्यूइटी, क्रिएटिव्ह, ईपी. आणखी कुणाला द्यायचा असल्यास पहिल्या एडींमार्फत."

नावं लिहिल्याचा फायदा असा की कोण ऐकतंय हे कलाकाराला माहीत असतं. रिॲलिटी शोमध्ये माइक दिवसभर चालू असतो हे करारातच असतं, तिथली सवय घेऊन आलेली माणसं मालिकेतही तसंच चालतं असं धरून चालतात. मालिकेच्या करारात सहसा तसं नसतं.

एक नाजूक बाजू. साउंडच्या कानावर कधी छळाची गोष्ट येते, कुणी कुणाला त्रास देतंय अशी. ती क्लिप मोबाइलवर घेऊन फिरवायची नाही, चांगल्या हेतूनेही नाही. ज्या व्यक्तीला त्रास झालाय तिला एकांतात सांगा की असं ऐकू आलं आणि फाइल आहे. पुढे काय करायचं ते ती ठरवेल. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, समितीला आणखी तीन महिने वाढवता येते. तोवर ते कार्ड फॉरमॅट होऊ देऊ नका. अशी फाइल "खासगी आहे" म्हणून घाईने पुसणं हेही तितकंच चूक.

लेपल_आणि_बूम
मशीन बघितलं. ॲडव्हान्स्ड मोड, प्री-रोल चालू होता, म्यूट तिन्ही पॅकवर निकामी. प्री-रोल काढला, म्यूट एएफवर आणले. ड्रेसवाल्या ताईंशी बोलणं झालं, त्या म्हणाल्या पाउच त्याच शिवून देतील.

एक राहिलं. चॅनलची सोशल मीडिया टीम बीटीएससाठी (पडद्यामागच्या व्हिडिओंसाठी) येते आणि कलाकारांना आमच्या लेपलशिवाय स्वतःचे छोटे चौकोनी माइक लावते. ते आमच्या ताब्यात नसतात.

फेडर_शून्यावर
ते जास्त सांभाळायचे. त्यातले बरेच माइक पॅकमध्येच रेकॉर्ड करतात. रोडचा वायरलेस गो टू कॉम्प्रेस्ड मोडमध्ये २४ तासांपर्यंत, डीजेआयचा माइक १४ तासांपर्यंत. रिसीव्हर बंद केला, कलाकार रेंजबाहेर गेला, तरी आतलं रेकॉर्डिंग चालूच. इथे तुमचा फेडर काय, रिसीव्हर काय, कशाचाच उपयोग नाही.

बीटीएसवाल्यांना दोन गोष्टी सांगा. त्यांचा माइक त्यांच्या शॉटपुरता लावायचा आणि शॉट संपल्यावर त्यांनीच काढून घ्यायचा, कॉलरला विसरून जायचं नाही. आणि भाड्याचा सेट असेल तर परत देण्याआधी दोन्ही ट्रान्समीटरची आतली मेमरी पुसायची. केबल लावून तपासायची, नुसतं केसमध्ये ठेवल्याने काही पुसलं जात नाही. भाड्याने परत आलेल्या सेटमध्ये आधीच्या युनिटच्या आख्ख्या दिवसाच्या गप्पा सापडतात. तुम्ही स्वतः असा सेट घ्याल तेव्हाही ताब्यात आल्याबरोबर न ऐकता फॉरमॅट करा.